चंद्रावर सहल नेणारा शिक्षक : योहानेस केप्लर



सूर्यमाला हा घटक शिकवायला घेतला की एक अडचण ठरलेली असते. बाजार शिकवायचा तर मुलांना आठवडी बाजारात नेता येतं. पोस्ट ऑफिस, ओढा, गुऱ्हाळ, ग्रामपंचायत, सगळं दाखवता येतं. पण सूर्यमालेची सहल न्यायची कुठे? म्हणून हल्ली आपण पडद्यावरची सहल काढतो. प्रोजेक्टर लावतो, नाहीतर मोबाईलभोवती मुलं गोळा करतो आणि चंद्र, मंगळ, शनीची कडी दाखवून आणतो. मुलं खूश होतात. पण सहल संपल्यावर एक साधा प्रश्न विचारून बघा. चंद्रावर उभं राहिलं तर पृथ्वी उगवताना दिसेल का? मावळताना दिसेल का? बहुतेक वेळा वर्ग शांत होतो, किंवा सगळे मिळून हो म्हणतात.

म्हणजे काय झालं? मुलांनी चंद्राची चित्रं पाहिली, पण मुलं चंद्रावर गेली नाहीत.

वर्गात बसल्या बसल्या माणसाला खरंच चंद्रावर उभं कसं करायचं, हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने सोडवला होता. तेव्हा वीज नव्हती, पडदा नव्हता. त्याने पहिल्यांदा हा विचार केला तेव्हा दुर्बीणसुद्धा नव्हती. त्याचं नाव योहानेस केप्लर. ग्रहांच्या गतीचे तीन नियम सांगणारा शास्त्रज्ञ म्हणून तो आपल्याला माहीत असतो. तो शाळेत शिकवत होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आणि त्या चंद्रसहलीमुळे त्याच्या घरावर केवढं संकट आलं असं त्याला वाटत राहिलं, हे तर त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे. म्हणून आज त्याची गोष्ट.

आईचं बोट धरून

योहानेसचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी जर्मनीतल्या वाइल डेर श्टाट या लहानशा गावी झाला. दिवस पुरे भरण्याआधीच जन्मलेलं, अशक्त बाळ. वडील हाइनरिश भाडोत्री सैनिक होते. जिथे लढाई, तिथे ते. योहानेस लहान असतानाच ते घर सोडून जाऊ लागले आणि शेवटी गेले ते परत आलेच नाहीत. आई काटारीना ही खानावळवाल्याची मुलगी. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण झाडपाल्याची औषधं तिला ठाऊक होती. गावात कुणाला दुखलंखुपलं की ती काढा करून द्यायची.

लहानपणीच योहानेसला देवी आल्या. जीव वाचला, पण नजर कायमची अधू झाली आणि हातही नीट चालेनासे झाले. पुढे जो माणूस आकाशाचे नियम शोधणार होता, त्याला आकाश नीट दिसतच नव्हतं!

तरीही आकाशाचा पहिला धडा त्याला मिळाला तो आईकडूनच. १५७७ साली युरोपच्या आकाशात एक मोठा धूमकेतू दिसला. तेव्हा योहानेस सहाव्या वर्षात होता. धूमकेतू म्हणजे अपशकुन, असं मानायचा तो काळ. पण आईने मुलाला घरात कोंडून ठेवलं नाही. त्याचं बोट धरून ती त्याला उंच जागेवर घेऊन गेली आणि तो शेपटीचा तारा दाखवला. पुढे १५८० साली असंच त्याला उघड्यावर नेऊन चंद्रग्रहण दाखवण्यात आलं. लालसर पडलेला तो चंद्र त्याच्या मनात कायमचा राहिला.

पालकांनो, इथे जरा थांबा. एका न शिकलेल्या आईने फक्त मुलाला बाहेर नेलं आणि वर बघायला लावलं. धूमकेतू काय असतो, हे तिला सांगता आलं नसतं. पण दाखवता आलं. मुलांना ग्रहण दाखवायचं की दारं लावून घरात बसवायचं, हा प्रश्न आपल्याकडे अजून पडतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

शिष्यवृत्तीचा मुलगा

घरची परिस्थिती ओढगस्तीची. खानावळीत काम, शेतात काम, त्यामुळे शाळा मधेमधे सुटायची. पण त्या भागात एक चांगली सोय होती. हुशार गरीब मुलांना राज्याच्या खर्चाने शिकवलं जायचं. योहानेस त्यातून शिकत गेला आणि १५८९ साली ट्युबिंगेनच्या विद्यापीठात पोहोचला. त्याला धर्मोपदेशक व्हायचं होतं.

तिथे त्याला मिखाएल मेस्टलिन हे गणिताचे शिक्षक भेटले. पृथ्वी स्थिर आहे आणि सूर्य तिच्याभोवती फिरतो, हे तेव्हाचं पाठ्यपुस्तकातलं उत्तर. मेस्टलिन वर्गात तेच शिकवत. पण निवडक विद्यार्थ्यांना ते कोपर्निकसचं मतही समजावून देत. सूर्य मध्यभागी आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, हे ते मत. योहानेसला ते मनापासून पटलं.

पण लोक विचारत, पृथ्वी फिरते तर आम्हाला ते जाणवत कसं नाही? यावर उत्तर म्हणून विद्यार्थी केप्लरने १५९३ साली एक निबंध लिहिला. कल्पना साधी होती. समजा, चंद्रावर माणसं राहतात. त्यांना काय वाटेल? त्यांना वाटेल की आपला चंद्र जागच्या जागी स्थिर आहे आणि बाकी सगळं आपल्याभोवती फिरतंय. आपण तर डोळ्यांनी बघतो की चंद्र फिरतो. मग जी चूक चंद्रावरची माणसं करतील, तीच आपण पृथ्वीवर करत नसू कशावरून?

किती सुरेख युक्ती आहे बघा! वाद घालायच्या ऐवजी त्याने बघणाऱ्याची जागाच बदलली. विद्यापीठात मात्र त्या निबंधावर चर्चा होऊ दिली नाही. निबंध बाजूला पडला, पण कल्पना डोक्यातून गेली नाही.

रिकामा वर्ग

१५९४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, केप्लरला ऑस्ट्रियातल्या ग्राट्स गावच्या शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून पाठवण्यात आलं. आता तो आपल्यातलाच एक झाला, तेव्हा यापुढे त्याला आपण आदराने अहो-जाहो करू.

केप्लर सरांच्या वर्गात पहिल्या वर्षी मोजकीच मुलं होती. दुसऱ्या वर्षी एकही नाही! ते भरभर बोलत, एका विषयातून दुसऱ्यात शिरत, आणि बोलता बोलता नवीन काही सुचलं की तिकडेच वाहत जात. मुलांना काही समजायचं नाही. बरं झालं की तिथले शाळा तपासनीस समंजस होते. उच्च गणित सगळ्यांना झेपणारं नसतं, यात मास्तरांचा दोष नाही, असा शेरा त्यांनी दिला आणि केप्लरांना भाषा व साहित्याचे तास घ्यायला सांगितलं. जोडीला दरवर्षी पंचांग करायचं कामही होतं. पहिल्याच पंचांगात कडाक्याच्या थंडीचं आणि तुर्कांच्या स्वारीचं भाकीत होतं. दोन्ही खरं ठरलं आणि गावात नाव झालं. ज्योतिषावर पोट चालायचं, पण प्रचलित फलज्योतिषाबद्दल त्यांच्या मनात पुष्कळ शंका होत्या.

याच शाळेत, जुलै १५९५ मध्ये, एक विलक्षण गोष्ट घडली. केप्लर फळ्यावर गुरू आणि शनी यांची युती समजावून देत होते. हे दोन ग्रह सुमारे २० वर्षांनी आकाशात एकमेकांजवळ येतात. (आठवतं ना? २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी आपणही ही युती पाहिली होती. दोन ग्रह जवळजवळ एकच ठिपका वाटत होते.) या युत्यांच्या जागा वर्तुळावर मांडून त्यांनी रेघा जोडल्या, तेव्हा मोठ्या वर्तुळाच्या आत एक लहान वर्तुळ उमटलं. ते बघून त्यांच्या मनात आलं की ग्रहांच्या कक्षांमध्ये भूमितीचं काहीतरी कोडं लपलेलं असणार.

त्या क्षणी सुचलेली कल्पना पुढे चुकीची ठरली. पण ग्रह इतकेच का, इतक्याच अंतरावर का, त्यांचा वेग असाच का, हे प्रश्न मात्र त्या फळ्यासमोर पडले आणि जन्मभर त्यांच्यासोबत राहिले. १५९६ साली त्यांनी यावर पहिलं पुस्तक लिहिलं. ते वाचून त्या काळचे सर्वांत मोठे निरीक्षक टायको ब्राहे यांचं लक्ष या तरुण मास्तरांकडे गेलं.

मंगळाशी झुंज

ग्राट्समध्ये धर्मावरून छळ सुरू झाला. पंथ बदला, नाहीतर गाव सोडा, असा हुकूम निघाला. केप्लरांनी १६०० साली गाव सोडलं आणि बायकोमुलांसह प्राग गाठलं. तिथे टायको होते. टायकोंकडे नुसत्या डोळ्यांनी, पण प्रचंड आकाराच्या उपकरणांनी घेतलेल्या कित्येक वर्षांच्या नोंदी होत्या. त्यांनी केप्लरांना सगळ्यात अवघड ग्रह दिला, मंगळ. केप्लरांना वाटलं, आठ दिवसांचं काम आहे. लागली पाच वर्षं!

१६०१ साली टायको वारले आणि केप्लर सम्राटाचे राजगणिती झाले. मंगळाची कक्षा वर्तुळ धरून त्यांनी पानंच्या पानं आकडेमोड केली. शेवटी एक उत्तर असं आलं की प्रत्यक्ष नोंदीत आणि गणितात फक्त ८ कलांचा फरक उरला. ८ कला म्हणजे किती? पूर्ण चंद्राची आकाशातली रुंदी सुमारे ३० कला असते, म्हणजे जेमतेम तिचा पाव भाग. दुसऱ्या कुणी हा फरक सोडून दिला असता. पण टायकोंच्या नोंदी इतक्या चुकणार नाहीत, हे केप्लरांना माहीत होतं. त्यांनी स्वतःचं गणित मोडून टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यातून कळलं की ग्रह वर्तुळात फिरत नाहीत, लंबवर्तुळात फिरतात, आणि सूर्य त्याच्या एका नाभीवर असतो. दुसरं असं की ग्रह सूर्याजवळ असताना वेगाने धावतो आणि दूर गेला की रेंगाळतो. हे दोन नियम १६०९ साली छापून आले. तिसरा नियम मे १६१८ मध्ये सापडला. जितकी कक्षा मोठी, तितकं वर्ष मोठं, आणि त्यांच्यात एक ठरावीक प्रमाण. मंगळाचं वर्ष ६८७ दिवसांचं, गुरूचं जवळजवळ १२ वर्षांचं, शनीचं सुमारे साडेएकोणतीस वर्षांचं. मुलं हे आकडे पाठ करतात. त्यांच्यामागचा हिशोब या मास्तरांनी लावून दिला.

चंद्रावरची सहल

मंगळाचं पुस्तक संपत आलं होतं त्याच सुमारास, प्रागमध्ये, केप्लरांनी विद्यार्थिदशेतला तो जुना निबंध पुन्हा काढला. पण या वेळी त्याची गोष्ट केली. गोष्टीचं नाव सोम्नियुम, म्हणजे स्वप्न.

गोष्टीचा नायक आइसलंडमधला एक मुलगा. त्याची आई औषधी वनस्पती गोळा करते, त्यांच्या पिशव्या करून खलाशांना विकते. तिला आकाशातल्या शक्तींशी बोलता येतं. मुलगा काही वर्षं टायकोंकडे राहून खगोल शिकून परत येतो, तेव्हा आई आनंदाने आपली विद्या त्याला देते. ती एका शक्तीला बोलावते आणि ती शक्ती चंद्राचं वर्णन सांगते.

प्रवासाचे नियम मजेशीर आहेत. चंद्रावर जायचं ते ग्रहणाच्या वेळी, सावलीच्या वाटेने, आणि चार तासांच्या आत. जाडजूड, सुस्त माणसांना प्रवेश नाही! सुरुवातीचा झटका फार जबर असतो, म्हणून प्रवाशाला गुंगीचं औषध द्यायचं. वर हवा विरळ आणि थंडी भयंकर, म्हणून नाकाशी ओला स्पंज धरायचा. वाटेत एक जागा अशी येते की पृथ्वी आणि चंद्र या दोघांची ओढ सारखी होते आणि तिथून पुढे शरीर आपोआप चंद्राकडे जाऊ लागतं. न्यूटनचा जन्मही व्हायचा होता, तेव्हाचं हे लिहिणं आहे.

आणि मग येतं खरं खगोल. चंद्रावरचे लोक पृथ्वीला व्होल्वा म्हणतात, म्हणजे गिरकी घेणारी. कारण त्यांना ती जागच्या जागी गिरक्या घेताना दिसते. चंद्राचे दोन भाग आहेत. एका भागातल्या लोकांच्या डोक्यावर व्होल्वा कायम टांगलेली असते, ना उगवत ना मावळत. दुसऱ्या भागातल्या लोकांना ती जन्मात कधी दिसत नाही. आपल्याला चंद्र दिसतो त्याच्या जवळजवळ चौपट रुंद ही व्होल्वा दिसते आणि चंद्रासारख्याच तिच्याही कला होतात. तिथला दिवस आपल्या चौदा-पंधरा दिवसांचा आणि रात्रही तेवढीच. म्हणून तिथले प्राणी दिवसा उन्हापासून लपायला गुहा शोधतात.

प्राणी सोडून द्या, ते कल्पनेतले. पण बाकीचं आकाश? ते सगळं खरं आहे. आपली चांद्रयान-३ मोहीमच बघा. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम लँडर उतरलं ते तिथल्या सकाळी, आणि काम ठरवलं होतं सुमारे १४ दिवसांचं. कारण सौरऊर्जेवर चालणारं यान तिथला एकच दिवस जागं राहणार. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्र व्हायच्या बेताला विक्रम आणि प्रज्ञान दोघांना झोपवण्यात आलं. चीनचं चांग-ए ४ हे यान जानेवारी २०१९ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरलं, तेव्हा त्याच्याशी थेट बोलता येईना. निरोप पोहोचवायला वेगळा उपग्रह लागला. व्होल्वा न दिसणारा प्रदेश म्हणतात तो हाच!

गोष्टीची किंमत

ही गोष्ट केप्लरांनी छापली नव्हती. पण १६११ च्या सुमारास हस्तलिखिताची एक प्रत बाहेर गेली आणि हळूहळू तिची चर्चा न्हाव्याच्या दुकानापर्यंत पोहोचली. नायकाची आई झाडपाला ओळखते, आत्म्यांना बोलावते. नायक टायकोंकडे शिकलेला. म्हणजे हे केप्लरच, आणि ती त्यांची आई! लोकांनी असा अर्थ लावला, असं केप्लरांना पुढे वाटत राहिलं.

तो वर्षं आधीच वाईट होतं. १६११ मध्येच त्यांचा सहा वर्षांचा मुलगा देवीने गेला आणि पाठोपाठ पत्नी बार्बारा वारली. पुढच्या वर्षी ते लिंत्स गावी शिक्षक म्हणून रुजू झाले, पुन्हा संसार मांडला. आणि १६१५ साली गावाकडून बातमी आली. एका बाईने आई काटारीनावर चेटूक केल्याचा आरोप केला होता. हिने दिलेल्या कडू काढ्याने मी आजारी पडले, असं तिचं म्हणणं. एक तक्रार झाली आणि मग सगळ्या गावाला जुन्या गोष्टी आठवू लागल्या. कुणाचं जनावर मेलं होतं, कुणाचं मूल.

त्यातली एक साक्ष आपल्याला, शिक्षकांना, जास्त टोचणारी आहे. काटारीनाला वाचता येत नसे, म्हणून मुलाची पत्रं आली की ती गावच्या शाळामास्तरांकडून वाचून घ्यायची. त्याच मास्तरांनी आपलं लंगडेपण तिने दिलेल्या पेयामुळे आलं, असं सांगितलं. शिकलेल्या माणसालाही भीती सुटत नाही, हे असं.

ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या काटारीनाला अटक झाली. चौदा महिने ती साखळदंडात होती. अशा खटल्यांत बायकांना जिवंत जाळत असत. केप्लरांनी लिंत्समधलं काम सोडलं, शेकडो मैल प्रवास करून ते गावी आले आणि आईचा बचाव स्वतः हाती घेतला. मंगळाच्या नोंदी तपासाव्यात तशी त्यांनी एकेक साक्ष तपासली. आजार केव्हा सुरू झाला, काढा केव्हा दिला, आधी दुसरं कुठलं औषध घेतलं होतं, साक्षीदाराचं पहिलं म्हणणं काय आणि नंतरचं काय. शेवटी म्हातारीला छळाची हत्यारं दाखवून घाबरवण्यात आलं. तिने काहीही कबूल केलं नाही. ऑक्टोबर १६२१ मध्ये तिची सुटका झाली. सहा महिन्यांनी, एप्रिल १६२२ मध्ये, ती वारली.

ज्या आईने बोट धरून धूमकेतू दाखवला, तिला आपल्या गोष्टीमुळे हे भोगावं लागलं की काय, ही सल केप्लरांना राहिली. मग त्यांनी काय केलं? गोष्ट जाळली नाही. पुढच्या वर्षांत त्या छोट्या गोष्टीला त्यांनी २२३ टिपा जोडल्या. हा झाडपाला का, ही सावली का, हा प्रवास चार तासांचा का, प्रत्येक गोष्टीमागचं कारण लिहून ठेवलं, म्हणजे पुन्हा कुणी विद्येला चेटूक समजू नये.

अखेर

१६२७ साली त्यांनी टायकोंच्या नोंदींवर आधारलेली ग्रहांची कोष्टकं पूर्ण केली. युद्ध पेटलेलं, पगार थकलेला. ती थकबाकी वसूल करायला ते रेगेन्सबुर्गला गेले, तिथे तापाने आजारी पडले आणि १५ नोव्हेंबर १६३० रोजी वारले. वय ५८. गावाबाहेर त्यांना पुरलं होतं. काही वर्षांतच युद्धात ते कब्रस्तान उद्ध्वस्त झालं. आज त्यांची कबर कुठे दाखवता येत नाही.

पण जवळजवळ एक वर्षाने, ७ नोव्हेंबर १६३१ ला, पॅरिसमध्ये पिएर गासेंदी यांनी सूर्याच्या तबकडीवरून सरकणारा बुधाचा काळा ठिपका पाहिला. हे घडणार, हे केप्लर आधीच सांगून गेले होते. आणि १६३४ साली त्यांचा मुलगा लुडविग याने सोम्नियुम छापून प्रसिद्ध केली.

आता आपल्या वर्गात

मित्रांनो, केप्लरांची युक्ती आपल्याला आजही वापरता येते. सहल काढताना मुलांना नुसतं काय दिसतं ते दाखवू नका. आपण कुठे उभे आहोत, हे आधी ठरवा. मी सुचवतो ते असं:

१. आधी अंदाज, मग पडदा. चंद्रावरून पृथ्वी केवढी दिसेल? हलेल का? मुलांना वहीत चित्र काढू द्या. मग स्टेलेरियम हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, जागा म्हणून चंद्र निवडा आणि वेळ भरभर पुढे न्या. सूर्य सरकेल, तारे सरकतील, पृथ्वी जवळजवळ तिथेच राहील, फक्त गिरकी घेत कला बदलेल. आपली चित्रं मुलं स्वतःच तपासतील. नासाच्या संकेतस्थळावरही सूर्यमालेत फिरवणारी अशी सोय मोफत आहे.

२. त्या प्रसिद्ध फोटोचं कोडं. २४ डिसेंबर १९६८ ला अपोलो ८ मधून घेतलेला, चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचा फोटो दाखवा. पृथ्वी उगवत नाही म्हणालो होतो, मग हे काय? लगेच सांगू नका. यान चंद्राभोवती फिरत होतं, हे मुलांनाच शोधू द्या.

३. नेट नसेल तर. एक मूल पृथ्वी, एक मूल चंद्र. चंद्र झालेल्या मुलाने पृथ्वीभोवती फिरताना तोंड सतत पृथ्वीकडेच ठेवायचं. एक चक्कर झाली की विचारा, तुला पृथ्वी कुठे दिसली? समोरच! आणि मागच्या भिंती? सगळ्या फिरल्या! पाठीला डोळे असते तर त्यांना पृथ्वी दिसली असती का? नाही. चंद्राचे दोन भाग तिथेच समजतात.

४. लंबवर्तुळ. पुठ्ठ्यावर दोन टाचण्या, त्यांच्याभोवती दोऱ्याचं सैल वेटोळं आणि पेन्सिल. दोरा ताणून पेन्सिल फिरवली की लंबवर्तुळ तयार. टाचण्या जवळ आणल्या की ते वर्तुळासारखं होतं. ग्रहांच्या कक्षा अशा जवळजवळ गोलच असतात, हे जरूर सांगा, नाहीतर पुस्तकातल्या लांबट आकृतीमुळे गैरसमज होतो.

५. घरचा अभ्यास, पालकांसह. अमावस्येनंतर बीज किंवा तीजेची कोर संध्याकाळी पश्चिमेला बघा. कोरीशिवायचा उरलेला चंद्रही फिकट दिसतो. तो उजेड पृथ्वीचा! मेस्टलिन आणि केप्लरांना हे माहीत होतं. मग मुलांना विचारा, आत्ता चंद्रावरून पृथ्वी कशी दिसत असेल? उत्तर आहे, जवळजवळ पौर्णिमेसारखी. आपली अमावस्या ती तिथली पौर्णिमा. आणि आपलं चंद्रग्रहण? ते तिथलं सूर्यग्रहण.

या पाचव्या प्रश्नाचं उत्तर ज्या मुलाला स्वतःहून देता आलं, ते मूल चंद्रावर जाऊन आलं असं समजा.

शेवटी एक. केप्लरांचा वर्ग रिकामा पडायचा, तरी त्यांनी शिकवणं आणि विचार करणं सोडलं नाही. आपला एखादा तास फसतो, मुलं जांभया देतात, तेव्हा हे आठवावं. आणि पालकांनो, पुढच्या वेळी आकाशात काही वेगळं दिसणार असेल, तर पुस्तकी माहिती नसली तरी चालेल. सूर्यग्रहण असेल तर डोळ्यांना योग्य चष्मा लावून, नाहीतर तसंच, मुलाला गच्चीवर नाहीतर अंगणात घेऊन जा. काटारीनाने तेवढंच केलं होतं.

तुमच्या वर्गात यातला कुठलाही उपक्रम करून बघितलात, तर मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते वहीत नक्की टिपून ठेवा. पुढच्या वर्षीचा पाठ त्यातूनच तयार होईल.